जिवाणूरोधक कापडाला बुरशी येत नाही?

‘९९ टक्के जिवाणू नष्ट’ असं लेबल असलेला टॉवेल रत्नागिरीच्या पावसाळ्यातही बुरशी धरणार नाही, हा समज चुकीचा. तो आकडा आयएसओ २०७४३ सारख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणीतून येतो: कापडावर स्टॅफिलोकोकस जिवाणू सोडायचे, ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवायचे, उरलेले मोजायचे. (९९ टक्के म्हणजे लाखातले हजार जिवंतच!) बुरशीचा इथे संबंधच नाही. तिची चाचणी एएटीसीसी ३० (अमेरिकी वस्त्ररसायन संघटनेची): अगार या जेलीसारख्या माध्यमावर कापडाची चकती, त्यावर अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीचे बीजाणू, २८ अंश, १४ दिवस. काळी लव कुठवर चढली ते बघायचं. दुकानात हाच अहवाल मागा, तोही धुलाईनंतरचा. आणि पावसाळ्यात सुती कपड्यांना खळ देऊ नका. बुरशीला ते आयतं जेवण.