झिका विषाणूचे लैंगिक संक्रमण

एडीस डासांमार्फत पसरणाऱ्या झिका या फ्लॅविव्हायरस गटातील विषाणूची शरीरसंबंधातून होणारी बाधा. १९४७ मध्ये युगांडातील झिका जंगलात पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडात हा विषाणू प्रथम सापडला. भारतातील त्याच्या आगमनाचा काळ वादग्रस्त आहे. १९५०च्या दशकाच्या आरंभी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपासलेल्या रक्तजलात (सीरम) त्याची प्रतिपिंडे आढळली होती. तथापि डेंग्यूसारख्या सजातीय विषाणूंची प्रतिपिंडेही अशा चाचणीत प्रतिसाद देत असल्याने तो पुरावा निर्णायक मानू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

लैंगिक संक्रमणाचा पहिला सबळ पुरावा २००८ मधला आहे. सेनेगलहून कोलोरॅडोत परतलेल्या एका अमेरिकन संशोधकाला ताप, पुरळ व सांधेदुखी झाली, वीर्यात रक्त दिसले आणि काही दिवसांतच परदेशी न गेलेली त्याची पत्नीही आजारी पडली. घरातील मुले मात्र निरोगी राहिली. त्या भागात झिका पसरवणारे एडीस डास नाहीत, शिवाय डासाच्या शरीरात विषाणू वाढण्यास लागणारा काळही मधे गेला नव्हता. राखून ठेवलेल्या रक्तजलावरून निदान झाले व ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१३ च्या अखेरीस ताहिती बेटावरील साथीत एका रुग्णाच्या वीर्यातून जिवंत विषाणू वेगळा करण्यात आला. स्त्रीकडून पुरुषाला झालेली बाधा २०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नोंदली गेली.

विषाणू वीर्यात किती काळ टिकतो, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेत १८४ बाधित पुरुषांच्या अभ्यासात (२०१८) ६० जणांच्या वीर्यात विषाणूचा आरएनए (जनुकीय घटक) आढळला, एकात तर २८१ दिवसांपर्यंत. जिवंत विषाणू मात्र आजाराच्या पहिल्या ३० दिवसांतील मोजक्या नमुन्यांतच मिळाला. आरएनए सापडला म्हणजे संसर्गक्षमता आहे, असे समजणे म्हणूनच सयुक्तिक नाही. एकूण प्रसारातील या मार्गाचा वाटा एका गणिती अभ्यासात सुमारे ३ टक्के काढला आहे. पण त्याच अंदाजाची मर्यादा ०.१ पासून ४६ टक्क्यांपर्यंत पसरलेली असल्याने त्या आकड्यावर फारशी भिस्त ठेवता येत नाही.

खात्रीशीर उदाहरणे बहुतेक डास नसलेल्या प्रदेशांतलीच आहेत, आणि त्याचे कारण कोल्हापूर जिल्ह्यात सहज कळते. २०२३ मध्ये इचलकरंजीत झिकाचे रुग्ण आढळले. या यंत्रमागाच्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे ते पिंपे व टाक्यांत साठवावे लागते. एडीसच्या अळ्या अशाच स्वच्छ साठ्यात होतात आणि आरोग्य कर्मचारी घरोघर भांडी तपासून अ‍ॅबेट हे अळीनाशक टाकतात, आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करून कोरडी ठेवायला, सांगतात. अशा घरात पती-पत्नी दोघेही बाधित निघाले, तरी दोघांना डास चावलेला असण्याचीच शक्यता प्रथम धरावी लागते व दुसरा मार्ग सिद्ध करता येत नाही.

महाराष्ट्रातील पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला, तेव्हा गावात निरोध वाटून काही महिने गर्भधारणा टाळण्यास सांगण्यात आले होते. बाधित वा बाधित प्रदेशातून आलेल्या पुरुषाने ३ महिने व स्त्रीने २ महिने निरोध वापरावा किंवा संबंध टाळावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे; पत्नी गरोदर असल्यास, अर्भकाच्या मेंदूची वाढ खुंटण्याचा धोका लक्षात घेऊन, ही दक्षता प्रसूतीपर्यंत घ्यावयाची असते.