थंडीत ड्रोनची बॅटरी ‘उतरते’ का?

हिवाळा आला की एक मेसेज फिरू लागतो: थंडीत बॅटरीतला चार्ज उडून जातो, म्हणून दुप्पट बॅटऱ्या न्या.

अनुभव खरा आहे, कारण वेगळं आहे. चार्ज कुठेही जात नाही. थंडीत लिथियम बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि अंतर्गत रोध, म्हणजे आतून वीज वाहताना होणारा अडथळा, वाढतो. समजा, सेलचा (बॅटरीतल्या एका घटकाचा) रोध १० मिलिओहमवरून ३० वर गेला आणि मोटर २० अँपिअर ओढतायत. मग सेलचा व्होल्टेज ०.२ ऐवजी ०.६ व्होल्टने खाली बसतो. ड्रोनला वाटतं बॅटरी संपली, आणि तो उतरायला लागतो.

तपासून बघा. पूर्ण चार्ज बॅटरीचा व्होल्टेज मोजा, हवाबंद पिशवीत घालून तासभर फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नको). बाहेर काढून, पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर दव धरतं. पुन्हा मोजा. आकडा जवळपास तोच येईल.

म्हणजे गारठलेल्या सहा बॅटऱ्यांपेक्षा उबदार तीन बऱ्या. जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, टर्मिनल झाकून. बॅटरी २० अंशांच्या आसपास असतानाच उड्डाण करा, पहिलं मिनीट जमिनीजवळ तरंगत ठेवा, एकदम जोर देऊ नका. बॅटरी ३० टक्के उरली की परत फिरा. गार बॅटरी मात्र लगेच चार्जरला लावू नका: शून्याखाली चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साचतं, आणि ते नुकसान भरून येत नाही.