देवराई : अभ्यास आणि संवर्धन

देवराई म्हणजे ग्रामदैवताच्या नावाने राखलेले, कुऱ्हाड न लागलेले वन. पुणे, मावळ भागात देवराई, तळकोकणात देवरहाटी किंवा नुसतीच राई, कर्नाटकातल्या कोडगूत देवरकाडु, केरळात कावू आणि राजस्थानात ओरण अशी तिची नावे आहेत. काही राया जेमतेम पाचपंचवीस झाडांच्या असतात, काही कित्येक एकरांवर पसरलेल्या. वाघजाई, काळकाई, म्हसोबा, वेताळ यांसारखी दैवते इथे बहुधा उघड्यावरच असतात. डोक्यावर छप्पर देवालाच चालत नाही, अशी अनेक गावांची श्रद्धा आहे.

राईतला वाळका फाटाही घरी न्यायचा नाही, हा मूळ दंडक. गावागणिक त्याला मुरड पडते. कोकणात एखादे झाड तोडायची वेळ आलीच, तर आधी कौल लावतात. गुरव देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि मंडळी श्वास रोखून उभी राहतात. ठरलेल्या बाजूची पाकळी पडली तर देवाचा होकार. पडली नाही, तर झाड उभेच राहते.

या परंपरेकडे वनशास्त्राच्या नजरेने नीट पाहण्याचे श्रेय परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याकडे जाते. हार्वर्डहून पुण्यात परतलेले गाडगीळ आणि तिथल्याच महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संशोधनसंस्थेतले वर्तक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सह्याद्रीतली गावे पायी फिरले. पश्चिम घाटातील देवरायांवरचा त्यांचा संशोधनलेख १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात आला. भोवतालचे रान उजाड झाले असले, तरी जुन्या जंगलाची झाडे, वेली आणि औषधी वनस्पती राईत टिकून आहेत, हे त्यांनी नोंदींनिशी दाखवले. प्रचंड शेंगांची गारंबी ही महावेल त्यांतलीच.

श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची हकिगत या अभ्यासात फार मोलाची वाटते. तिथल्या राईच्या तोडीची आखणी झाली होती. ती थांबवायला मदत करा, असे गावकरी या दोघांना सांगू लागले, कारण राई गेली तर ओढ्याचे पाणी जाणार होते. देवाचा धाक आणि पाण्याची जाण ही दोन्ही त्यांच्या बोलण्यात एकत्रच होती. देवराईला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

गाडगीळांनी पुढे हा विषय प्रयोगशाळेत कोंडला नाही. ते मराठीत सातत्याने लिहीत राहिले, आणि गावाचे निसर्गज्ञान गावानेच लिहून ठेवावे यासाठी लोक जैवविविधता नोंदवहीचा आग्रह धरला. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या अंमलबजावणीत या नोंदवहीला स्थान मिळाले. गोव्यात सत्तरी तालुक्यातले राजेंद्र केरकर यांनी देवरायांबद्दल लिहून आणि बोलून हेच काम केले आहे. शास्त्रज्ञाने आपले निष्कर्ष गुरवाला आणि मानकऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगितले नाहीत, तर राई वाचणे कठीण आहे, कारण तिच्याबाबतचा निर्णय शेवटी गावच्या बैठकीत होतो.

आज मोठा धोका भक्तीच्याच वाटेने येतो. जीर्णोद्धार ठरतो, उघड्यावरच्या देवाला सिमेंटचे मंदिर आणि सभामंडप मिळतो, गाडीरस्ता होतो, अंगणात फरशी बसते. त्यासाठी आधी झाडोरा साफ केला जातो. बेहड्याचा ढोलीवाला वृक्ष पडला, की धनेश पक्ष्याची घरटे करण्याची जागाही जाते. मादी त्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवत असते.

देवराईतून नवे शोधही लागत आहेत. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथल्या भालांडेश्वराच्या राईत रानजायफळाच्या कुळातल्या दुर्मीळ झाडांची दलदल आढळली. खोडापासून फुटलेल्या आधारमुळांवर ही झाडे चिखलात उभी असतात. गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राईही अशाच दलदलीसाठी ओळखली जाते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये बांबर्ड्याच्या या जागेला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. तिचे क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर आहे.