डोकं आपटलं, पण शुद्धीवर आहे

लालबागला आमच्या चाळीत एक आजोबा होते. ऐन पावसाळ्यात मोरीपाशी पाय घसरला आणि डोकं कठड्यावर आपटलं. टेंगूळ आलं, आजींनी हळद लावली, संध्याकाळी आजोबा नेहमीसारखे गॅलरीत येऊन बसले. तीनेक आठवड्यांनी त्यांच्या हातून चहाचा कप सुटायला लागला. एक पाय ओढत चालू लागले, नातवाला मुलाच्या नावानं हाका मारू लागले. ‘वय झालं’ असं सगळेच म्हणाले, मीही म्हटलं. डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, ‘महिन्याभरात कुठे पडला होतात का?’ तेव्हा कुठे आजींना ती हळद आठवली. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्या मधोमध साकळलेलं रक्त दिसलं.

वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो. त्याच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा मग ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानंही तुटतात. शिरेतलं रक्त सावकाश झिरपतं, म्हणून त्रास दिसायला कधी कधी आठवडे जातात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. आजोबांच्या कवटीला लहानसं भोक पाडून ते रक्त काढलं आणि काही दिवसांत कप पुन्हा हातात टिकू लागला.

तरुणांमध्ये वेळ इतका मिळत नाही. कानशिलाजवळचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. लोकलच्या दारात लटकताना खांब लागला, दहीहंडीच्या वरच्या थरावरून गोविंदा कोसळला, बाइक खड्ड्यात गेली, की हे हाड तडकून धमनी फाटू शकते. माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, पाणी पितो, ‘मी ठीक आहे, घरी जातो’ म्हणतो. आत रक्त साठतच असतं. काही तासांनी त्याला गुंगी येते आणि घरचे म्हणतात, दमलाय, झोपू दे. मला सगळ्यात भीती वाटते ती या वाक्याची, कारण याच तासांत शस्त्रक्रिया झाली तर माणूस वाचतो.

मोटरमननं अचानक ब्रेक दाबला की डबा थांबतो, पण उभी गर्दी पुढे रेटली जाते आणि परत मागे येते. सुमारे 1.3 ते 1.4 किलोचा मऊ मेंदू कवटीत तसाच हेलकावतो. मार लागलेल्या बाजूला इजा होतेच, कधी नेमकी विरुद्ध बाजूही ठेचते. डोकं गर्रकन फिरलं तर आतले मज्जातंतू ताणले जातात, आणि ही इजा साध्या सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसतच नाही. त्यात कवटी बंद पेटीसारखी. मेंदूला सूज आली की आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा कमी होतो आणि पहिल्या मारातून वाचलेल्या पेशीही मरू लागतात.

वॉर्डात म्हणूनच सिस्टर पुन्हा पुन्हा येऊन नाव विचारतात, हात उचलायला सांगतात. डोळे, बोलणं आणि हालचाल यांना गुण देणारी ही ग्लासगो कोमा स्केल 1974 पासून वापरात आहे. गुण 3 ते 15. आठ किंवा कमी म्हणजे इजा गंभीर, आणि 15 वरून 13 वर घसरलेला रुग्णही डॉक्टरांना धावत बोलावण्याजोगा.

जखम भरल्यावरही काही गोष्टी मागे उरतात. दूध करपलं तरी वास येत नाही, गोंगाटात डोकं भणाणतं, शांत माणूस ताडकन चिडतो. घरचे स्वभावाला दोष देतात, पण कपाळामागचा जो भाग राग आवरतो त्यालाच मार बसलेला असतो.

डोक्याला मार लागल्यावर उलट्या, वाढती डोकेदुखी, झटका, जड जीभ, एका डोळ्याची बाहुली मोठी किंवा न आवरणारी गुंगी दिसली तर 108 ला फोन करा. रस्त्यावर पडलेल्याला बखोटीला धरून उभं करू नका, मानेलाही इजा असू शकते. पोलिसांच्या धास्तीनं लांबही राहू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ नुसार अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर स्वतःचं नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.