नंबर नाही म्हणून कोचची जुनी बॅग नकली?

जुन्या लेदर बॅगा घेणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: 'कोच' या अमेरिकन कंपनीच्या बॅगेत आत नंबर छापलेला नसेल तर ती नकली. हे खरं नाही.

कोचची सुरुवात 1941 साली न्यूयॉर्कमध्ये, एका छोट्या कारखान्यात झाली. 1962 मध्ये बॉनी कॅशिन ही डिझायनर आली आणि तिने बॅग बंद करायची पितळी फिरकी आणली. कल्पना म्हणे तिच्या उघड्या गाडीचं छप्पर अडकवायच्या खिट्टीवरून सुचली! साठच्या दशकातल्या या बॅगांत नंबर नसतोच. बॅगेच्या आत कंपनीचा मजकूर आणि नंबर छापायची पद्धत सत्तरच्या दशकात आली. म्हणजे या समजापायी सगळ्यात जुन्या, दुर्मीळ बॅगाच आधी बाद होतात.

उलट, नंबर असला म्हणून बॅग अस्सल ठरत नाही. तो कुणीही छापू शकतो. शिवाय 1994 च्या सुमारापासून त्यात मॉडेलचा क्रमांक येऊ लागला, त्यामुळे एकच नंबर अनेक बॅगांवर सापडतो.

मग पाहायचं काय? मी आधी बॅग उघडून आत हात घालते. त्या काळच्या बहुतेक बॅगांना अस्तर नसे, चामड्याची खरबरीत उलटी बाजू सरळ बोटांना लागते. (कॅशिनच्या काही बॅगांना मात्र पट्ट्यापट्ट्यांचं कापडी अस्तर असे.) आणि 'सत्तरच्या दशकातली' म्हणून कुणी सगळीकडे 'सी' अक्षरं विणलेली कापडी बॅग दाखवली, तर सरळ परत द्या. ती नक्षी 2001 ची आहे.