एक्सपोर्ट केलेल्या चॅटमधलं मराठी जातं कुठे?

मोबाईलवरची चॅट एक्सपोर्ट करून कॉम्प्युटरवर उघडली आणि मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसली की बहुतेक लोक दोनच निदानं करतात, एक तर व्हायरस आला नाहीतर फाईल करप्ट झाली. दोन्ही चूक. आणि त्या निदानावरून जो उपचार होतो, म्हणजे फाईल डिलीट करणं किंवा "रिपेअर करणारं" काहीतरी डाउनलोड करणं, तो तर रोगापेक्षा वाईट.

हे लिहायचं कारण आमची वयनी. तिला आमच्या घरच्या ग्रुपातली चवथीची (गणेशचतुर्थीची) सगळी बोलणी जपून ठेवायची होती, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या रानफळांच्या मांडवीला, कांगलां कोण आणणार, आंबाडे कोणाच्या कुळागरातले (पोफळीच्या बागेतले), नेवऱ्या म्हणजे करंज्या कोण किती करणार, गेल्या वर्षी कोणी काय विसरलं हे सगळं, कारण दरवर्षी तेच वाद परत होतात आणि पुरावा कोणाकडेच नसतो. तिनं फोन बदलायच्या आधी चॅट एक्सपोर्ट करून स्वतःलाच मेल केली, लॅपटॉपवर एक्सेलमध्ये उघडली, आणि समोर आले येन, युरो आणि उलटी प्रश्नचिन्हं. मोबाईलच्या दुकानातल्या पोरानं बघून सांगितलं व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. नशीब तिनं मारला नाही.

आधी एक घोळ मिटवू. बॅकअप आणि एक्सपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येच एक बॅकअप काढतं, आणि तुम्ही चालू केलं असेल तर गूगल अकाउंटवरही ठेवतं (पूर्वी ती जागा फुकट होती, २०२४ पासून ती तुमच्या १५ जीबीतच मोजतात, म्हणून अचानक "स्टोरेज फुल"ची बोंब सुरू झाली). ही बॅकअपची फाईल म्हणजे आत एसक्यूलाईट नावाचा डेटाबेस आणि वरून एन्क्रिप्शनचं कुलूप. ती फक्त व्हॉट्सॲपच उघडू शकतं, तेही तुमच्याच नंबरवर. २०२१ पासून तिला स्वतःचा पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली लावायची सोय आहे आणि ती किल्ली हरवली तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही. म्हणजे नवीन फोनवर चॅट आणायची तर बॅकअप हवा, पण वीस वर्षांनी नातवाला वाचायला द्यायची तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

एक्सपोर्ट म्हणजे साधी टेक्स्ट फाईल. अँड्रॉइडवर चॅट उघडा, वरचे तीन ठिपके, मोअर, एक्सपोर्ट चॅट, मीडियासकट का मीडियाशिवाय, झालं. आयफोनवर वर नावाला टॅप करून खाली जायचं, तिथं झिप फाईल मिळते. मीडियासकट काढली तर शेवटचे १०,००० मेसेज आणि मीडियाशिवाय ४०,००० अशी मर्यादा व्हॉट्सॲपनंच सांगितलेली आहे, म्हणून जुन्या मोठ्या ग्रुपाची चॅट अधूनमधून काढत राहावी. ही फाईल व्हॉट्सॲपमध्ये परत घालता येत नाही. कोणी कुठल्या मेसेजला रिप्लाय दिला तेही त्यात कळत नाही, त्यामुळे नुसतं "हो" दिसतं आणि ते कशाला हो ते देवाला ठाऊक. एप्रिल २०२५ मध्ये एक जादा प्रायव्हसीची सेटिंग आली, ती त्या चॅटला लावलेली असेल तर एक्सपोर्ट होतच नाही, तेव्हा फोनला दोष देऊ नका, आधी ग्रुपाच्या सेटिंगमध्ये बघा.

आता मुख्य मुद्द्यावर येऊ, म्हणजे मला ज्याच्यावर बोलायचंय त्यावर.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला कळतो आकडा. १९६३ साली अमेरिकेत आस्की नावाचं कोष्टक ठरलं, त्यात ० ते १२७ एवढेच आकडे, इंग्रजी अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं मावली की संपलं. कॉम्प्युटरचा एक कप्पा, म्हणजे बाईट, मात्र आठ बिटांचा (बिट म्हणजे एक ० किंवा १), म्हणजे ० ते २५५. वरचे १२८ आकडे रिकामे, तिथं ज्यानं त्यानं आपापली भाषा बसवली. युरोपवाल्यांनी डोक्यावर रेघा नि टोप्या घातलेली अक्षरं बसवली, आपल्याकडे १९९१ मध्ये इस्की नावाचं भारतीय प्रमाण आलं, आणि डीटीपीवाल्यांनी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांनी, तर कोष्टकच न पाहता इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार छापणारे फाँट काढले. त्या काळातली मराठी फाईल ज्याच्याकडे असेल त्याला माहितीय, तो फाँट नसला की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी. एकच आकडा, शंभर अर्थ.

युनिकोडनं यावर तोडगा काढला तो असा की जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा नंबर. आपल्या "म"चा नंबर २३५०. पण २३५० एका बाईटमध्ये मावत नाही. मग लिहायचा कसा? सरळ सगळ्यांना दोन दोन किंवा चार चार बाईट द्या म्हटलं तर इंग्रजीवाले बोंबलणार, आणि जुने सगळे प्रोग्रॅम मोडणार. सप्टेंबर १९९२ मध्ये बेल लॅब्जमधले प्रोग्रॅमर केन थॉम्पसन आणि रॉब पाइक न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये जेवायला बसले होते आणि तिथं ताटाखाली घालायच्या कागदावर थॉम्पसननं जी युक्ती मांडली तिला आज यूटीएफ-८ म्हणतात. पुढच्या काही दिवसांत त्यांनी आपली अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यावर चालवून दाखवली.

युक्ती बघा. बाईटच्या पहिल्या बिटांवरच त्याचा दर्जा लिहिलेला असतो. बाईट ० ने सुरू झाला तर तो एकटा, जुनंच इंग्रजी अक्षर, कोणाचं काही बिघडलं नाही. १११० ने सुरू झाला तर तो रेल्वेचं इंजिन समजा, आणि त्यातले तीन १ सांगतात की मी धरून एकूण तीन. मागचा प्रत्येक डबा १० ने सुरू होतो. इंजिन कधी १० ने सुरू होत नाही आणि डबा कधी १११० ने होत नाही. त्यामुळे मडगावला प्लॅटफॉर्मवर मध्येच कुठेही उभे राहा, समोर जे थांबलंय ते इंजिन का डबा हे पाटी वाचूनच कळतं, डबा असेल तर एक-दोन पावलं, इमोजीसारख्या चार बाईटच्या चिन्हात फार तर तीन पावलं मागं गेलं की इंजिन सापडतं. फाईलमधला एखादा बाईट उडाला तरी जातं एकच अक्षर, त्याच्या पुढचं सगळं वाचन रुळावरून घसरत नाही. जुन्या काही जपानी नि चिनी पद्धतींत ही सोय नव्हती, तिथं एक बाईट उडाला की पुढच्या कित्येक अक्षरांची जोडी चुकायची.

"म" घेऊ. २३५० बिटांत लिहिला तर ०००० १००१०० १०१११०, मुद्दाम चार, सहा, सहा असे तुकडे केलेत. पहिल्यापुढे १११०, बाकी दोघांपुढे १०. झाले १११०००००, १०१००१००, १०१०१११०. म्हणजेच २२४, १६४, १७४. हा आपला "म", तीन बाईट. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीनच बाईट घेतं, आणि पहिला बाईट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५, खरा फरक तिसऱ्यात. काना, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह हे सगळे वेगवेगळे मोजायचे, म्हणून "माटोळी" म्हणजे सहा चिन्हं, अठरा बाईट. "क्ष" दिसायला एक पण आत तीन चिन्हं, नऊ बाईट. (जुन्या एसएमएसमध्ये याचीच वेगळी तऱ्हा होती, १४० बाईटमध्ये इंग्रजी १६० अक्षरं बसायची कारण तिथं सात बिटांत भागवायचे, आणि मराठी एक अक्षर घातलं की अख्खा मेसेज दोन बाईटवर जाऊन ७० चिन्हांत संपायचा. मराठीत शुभेच्छा पाठवल्या की दोन मेसेजचे पैसे कापले जायचे ते यामुळे.)

आता एक्सेल काय करतं. त्याला फाईलवर कुठं लिहिलेलं दिसत नाही की ही यूटीएफ-८ आहे, मग ते विंडोजचं जुनं पश्चिम युरोपी कोष्टक लावतं, विंडोज-१२५२. त्यात एक बाईट म्हणजे एक अक्षर. २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या लोकांच्या ओळखीचा. १६४ म्हणजे चलनाचं एक गोल चिन्ह जे कोणीच वापरत नाही, १७४ म्हणजे रजिस्टर्ड ट्रेडमार्कचं चिन्ह. झाला "म". ऱ्हस्व वेलांटीचा शेवटचा बाईट १९१, तो उलटं प्रश्नचिन्ह. दीर्घ वेलांटी म्हणजे २२४, १६५, १२८, म्हणजे रेघवाला ए, येन, युरो. वयनीच्या फाईलमध्ये परदेशी चलन कुठून आलं ते कळलं ना? सगळे बाईट जाग्यावर होते, वाचणाऱ्यानं कोष्टक चुकीचं घेतलं एवढंच.

म्हणून पहिला नियम, अशी फाईल उघडली तर सेव्ह करू नका. नुसती बंद करा. कारण खरं नुकसान सेव्हमध्ये होतं आणि ते कुठं होतं हे बघण्यासारखं आहे. विंडोज-१२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत, १२९, १४१, १४३, १४४, १५७. आपल्या दुर्दैवानं आपला ऱ्हस्व उकार १२९ वर संपतो, पाय मोडायचं चिन्ह १४१ वर, ए १४३ वर, ऐ आणि ॐ १४४ वर, झ १५७ वर. काही प्रोग्रॅम हे बाईट जसेच्या तसे ठेवतात, काही तिथं प्रश्नचिन्ह टाकून मोकळे होतात. शिवाय "ठ" संपतो १६० वर, जी त्या कोष्टकात एक न तुटणारी मोकळी जागा आहे, ती साफसफाईत साधी स्पेस होऊन जाते. "भ" आणि देवनागरी "७" दोन्ही संपतात १७३ वर, ते तिथं न दिसणारं जोडचिन्ह, कॉपी-पेस्टमध्ये बिनबोभाट गळू शकतं. म्हणजे "भटजी सकाळी ७ ला येणार" या मेसेजातून नेमके भटजी अर्धे होणार आणि वेळ गायब. आणि याउलट, नीट दिसणारी मराठी फाईल जर कोणी अँसी म्हणून (विंडोजच्या याच जुन्या कोष्टकात) सेव्ह केली तर प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह होतं, ते कोणाचा बाप परत आणू शकत नाही.

इथंच सांगून टाकतो, "डिलीट झालेले मेसेज आणि करप्ट चॅट एका क्लिकवर परत" म्हणणारी जी ॲपं असतात ती यातलं काहीच करत नाहीत, तुमची सगळी चॅट वाचायची परवानगी मात्र आधी घेतात. मेसेजखाली बरोबरच्या तीन खुणा आल्या की सरकार वाचतंय हा फॉरवर्ड जे लोक अजून पाठवतात तेच लोक अशा ॲपला आनंदानं कॉन्टॅक्ट, फोटो, मेसेज सगळं उघडून देतात, याचं मला कायम नवल वाटतं.

करायचं काय ते अगदी सोपं. मूळ फाईलची एक कॉपी बाजूला ठेवा. विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या नोटपॅडमध्ये उघडली तर बहुधा सरळच दिसेल, कारण तेव्हापासून त्यानं यूटीएफ-८ हेच मूळ धरलंय. एक्सेलच हवं असेल तर डबलक्लिक न करता आत जाऊन डेटा, मग फ्रॉम टेक्स्ट, आणि फाईल ओरिजिनमध्ये ६५००१ निवडा, हा यूटीएफ-८ चा विंडोजमधला नंबर. फोटो नसतील तर फाईल एवढीशी होते, एक लाख चिन्हं म्हणजे तीन लाख बाईट, फॉरवर्ड होऊन आलेल्या दोनेक गुड मॉर्निंगच्या फोटोंएवढी, तेव्हा जागेची काळजी करू नका, तीन ठिकाणी ठेवा.

तारखांकडे मात्र लक्ष असू द्या, त्या फोनच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे लिहिल्या जातात. फोन अमेरिकन इंग्रजीवर असेल तर ९/७ म्हणजे सात सप्टेंबर, आपल्या सेटिंगवर तेच नऊ जुलै, आणि चवथ जुलैत गेलेली दिसते. आणि शोधताना एक गंमत, "तिसऱ्या"सारखा शब्द दोन तऱ्हेनं टाईप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर आणि पाय मोडलेला, दुसऱ्यात साधा र, पाय मोडलेला आणि मागं एक न दिसणारं जोडणारं चिन्ह. दिसायला सेम टू सेम, बाईट वेगळे. वयनीच्या ग्रुपात "नेवऱ्या" शोधलं तर अर्ध्याच सापडल्या, बाकीच्या काकांच्या फोनवरच्या वेगळ्या कीबोर्डवरून आलेल्या होत्या, त्या काढायला नुसतं "नेव" टाकून शोधावं लागलं.