रॉकेट मास हीटरची मापे

रॉकेट मास हीटर ही बारीक, सुकी लाकडे प्रखर आचेवर धुरासकट जाळणारी आणि निघालेली उष्णता माती-दगडाच्या जड ओट्यात साठवणारी घरगुती भट्टी आहे. आग विझल्यावरही ओटा कित्येक तास खोली उबदार ठेवतो. लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात रॉकेट चूल विकसित केली. तिला उष्णता साठवणाऱ्या ओट्याची जोड इआन्टो इव्हान्स यांनी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात दिली.

लाकडे उभी घालायचे इंधनमुख, त्याखालचा आडवा बोगदा, त्यापुढे उभा ज्वालानळ, नळावर पालथे घातलेले पोलादी पिंप, ओट्यातून फिरणारा पाइप आणि शेवटी धुराडे, असा वायूंचा मार्ग असतो. सगळी मापे एका आकड्यावरून निघतात : पाइपच्या छेदाचे क्षेत्रफळ. या मार्गात कुठेही छेद त्याहून लहान होता कामा नये. २० सेंमी. (८ इंची) पाइपचे क्षेत्रफळ ३१४ चौ. सेंमी. येते, म्हणून विटांच्या चौकोनी बोगद्याची बाजू १७.७ सेंमी. ठेवावी. १५ सेंमी. पाइपसाठी हेच आकडे १७७ चौ. सेंमी. आणि १३.३ सेंमी. होतात. त्याहून लहान भट्टीत घर्षण वाढते, राखेने वाट लवकर तुंबते. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

इंधनमुख आणि ज्वालानळ या दोन्हींची उंची बोगद्याच्या तळापासून मोजतात. नळ मुखाच्या किमान तिप्पट उंच असावा आणि बोगदा नळाच्या निम्म्याहून लांब नसावा. २० सेंमी. भट्टीसाठी मुख ४०, बोगदा ६० आणि नळ १२० सेंमी. हे मेळ बसलेले प्रमाण आहे. मुख उंच केले की तेच धुराड्यासारखे ओढू लागते. ज्वाला लाकडांवरून वर चढते आणि धूर खोलीत येतो. जास्त लाकूड मावावे म्हणून मुख वाढवण्याचा मोह म्हणूनच टाळावा. बोगदा लांबला तर नळापर्यंत पोहोचण्याआधीच उष्णता विटांत जिरते. बोगद्याला खालून-बाजूंनी आणि नळाला बाहेरून उष्णतारोधक थर हवाच. नळाभोवती परलाइट (ज्वालामुखीजन्य काचेचे फुगवलेले हलके दाणे) आणि चिकणमाती यांचा ५ सेंमी. थर चालतो. नळ साध्या लोखंडी पाइपचा करू नये, आतल्या आचेने तो झडून जातो.

नळाचे तोंड आणि पिंपाचे छत यांतील फट नळाच्या आतील व्यासाच्या चौथ्या भागाहून कमी नसावी. २० सेंमी. नळाला ५ सेंमी. फट दिली की तिचे क्षेत्रफळ (परिघ ६२.८ × ५) बरोबर ३१४ चौ. सेंमी. भरते. साधारण ८८ सेंमी. उंच आणि ५७ सेंमी. रुंद असे २०० लिटरचे पिंप घेतल्यास त्याची खालची कड बोगद्याच्या तळापासून ३७ सेंमी. वर येते (१२० + ५ − ८८). चौकोनी नळ विटांत बांधला तर कर्ण मोजायला विसरू नये : ६.५ सेंमी.ची वीट आणि ५ सेंमी.चा थर धरून बाहेरची बाजू ४०.७ सेंमी. होते, पण कर्ण ५७.६ सेंमी. भरतो आणि पिंप बसतच नाही. अशा वेळी बाहेरचे कोपरे छाटून अष्टकोन करावा.

सर्वाधिक भट्ट्या बिघडतात त्या पिंपाच्या पायथ्याशी, जिथे खाली उतरणारे वायू वळून आडव्या पाइपात शिरतात. पाइपचे तोंड पूर्ण २० सेंमी. असले तरी समोरच नळाची भिंत आली तर वाट गळ्याशी आवळते. इथे क्षेत्रफळ दुप्पट-तिप्पट सोडावे, पाइपच्या तळाखाली १० ते १५ सेंमी. खोल राखेचा खड्डा ठेवावा आणि हात जाईल एवढे साफसफाईचे झाकण बसवावे.

ओट्यातील पाइपची लांबी २० सेंमी. भट्टीला सुमारे १५ मी., तर १५ सेंमी. भट्टीला सुमारे ९ मी. पर्यंत चालते, प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातून १.५ मी. वजा करावेत. तीन वळणे असतील तर २० सेंमी.ला १०.५ मी. उरतात, म्हणजे ४ मी. लांब ओट्यात पाइप जाऊन परत येऊ शकतो. पाइपवर १० ते १५ सेंमी. माती घालावी, उष्णता तिच्यातून तासाला साधारण २.५ सेंमी. सरकते. ०.६ मी. रुंद आणि ०.४५ मी. उंच असा हा ओटा पाइपची पोकळी वगळून दीड टनाच्या आसपास भरतो, त्यामुळे लाकडी फळ्यांच्या जमिनीवर तो आधाराशिवाय बांधू नये.

माती लिंपण्याआधी विटा कोरड्या रचून, पिंप ठेवून, उघड्यावर भट्टी पेटवून पाहावी. पिंपाचा रंगही तिथेच जाळून काढावा. मुखातून धूर उलटत असेल तर आधी फट आणि पायथा मोजावा, मग मुखाची उंची. घरात बसवताना पिंप आणि कोणतीही जळाऊ वस्तू यांत ९० सेंमी. अंतर ठेवावे, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र लावल्याशिवाय पहिली आग पेटवू नये.